खाजणातल्या जागेवर घर: पाया कोणता, भिंती कशाच्या?

घणसोलीकर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

घणसोली गावठाणात आमचं आजोबांचं कौलारू घर आहे. दगड-मातीच्या भिंती, लाकडी खांब. गेल्या पावसाळ्यात मागची भिंत बसली. आता पाडून तळमजला अधिक एक बांधायचं ठरलंय. जागा २४ बाय ३२ फूट. पूर्वेला चुलतभावाचं घर, भिंतीला भिंत. पश्चिमेला आजोबांच्या वेळी बांध होता आणि पलीकडे खारभाताची शेतं. आता तिथे भराव होऊन रस्ता झालाय.

कॉन्ट्रॅक्टरने रविवारी परसात खड्डा खणून दाखवला. वर तीनेक फूट मुरूम आणि राडारोडा, त्याखाली काळा, लोण्यासारखा गाळ. वास असा की आई म्हणाली, अजून थोडं खणा, निवट्या (चिखलातले मासे) निघतील. पाच फुटांवर पाणी. सकाळी पाहिलं तर पाणी वर आलेलं, दुपारी उतरलेलं. दोन दिवसांनी लक्षात आलं की ते भरती-ओहोटीबरोबर खालीवर होतंय.

कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "सहा फूट खणू, मोठा काळा दगड दाबू, वर पीसीसी (साधं काँक्रीट) मारू आणि फुटिंग (कॉलमखालचा रुंद पाया). इथं सगळ्यांनी असंच केलंय." मेव्हणा म्हणतो राफ्ट. एक मित्र म्हणतो पायलिंगच (खडकापर्यंत काँक्रीटचे खांब) करा, आणि तो आकडा सांगायला लागला की बायको खोलीतून उठून जाते.

दुसरा प्रश्न भिंतींचा. लाल वीट, फ्लाय अ‍ॅशची वीट की सिपोरेक्स (हलके सच्छिद्र काँक्रीट ब्लॉक)? बाबांचा हट्ट लाल विटेचा. त्यांचं म्हणणं, "ज्या भिंतीत खिळा राहत नाही ती भिंत कसली?"

कुणाला खाडीकाठच्या जागेचा अनुभव असेल तर कृपया लिहा.

उगाच
बाबांना +१. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पारसिकचा वारा
सिपोरेक्स डोळे झाकून घ्या. आमचं कळव्याचं घर उन्हाळ्यात आधीपेक्षा खूपच गार असतं. काम भराभर होतं, प्लास्टरही पातळ लागतं. लाल विटेचा जमाना गेला.

वीटवाला पाहुणा
जमाना गेला म्हणणाऱ्यांनी त्याच घरात टीव्हीचं स्टँड कसं लावलं ते पण लिहावं.

पारसिकचा वारा
लांब फिशर आणि स्क्रू. साधा खिळा ठोकला तर भुसा पडतो आणि खिळा चार दिवसांत डुलायला लागतो, हे कबूल. पण रोज कोण खिळे ठोकतं?

वीटवाला पाहुणा
आमच्याकडे आई. दर सणाला एक नवीन खिळा.

नेरूळची मीरा
घणसोलीकर, भिंतींचं नंतर बघा. आधी पायाचं. आमची गोष्ट सांगते, लांबण लागली तर माफ करा.

नेरूळला आमचं रो-हाउस. मूळ बांधकाम व्यवस्थित होतं. मागच्या बाजूला आम्ही एक खोली आणि संडास-बाथरूम वाढवलं. ज्याने काम केलं त्याने चार फुटांवर फुटिंग टाकलं आणि नवी भिंत जुन्या भिंतीला दात काढून जोडली. पहिल्या पावसाळ्यात मधलं दार अडकायला लागलं. आम्हाला वाटलं लाकूड फुगलं. सुतार आला, रंधा मारून गेला. दुसऱ्या वर्षी परत तेच. असं पाच वर्षं चाललं. सहाव्या वर्षी तोच सुतार म्हणाला, "ताई, आता मारायला दार उरलं नाही. दार सरळ आहे, चौकट तिरकी झालीय." मग ओळंबा लावून पाहिलं. नवी खोली मागे कलली होती आणि जोडावर वरपासून खालपर्यंत तडा, बोट जाईल एवढा. प्लास्टरखाली दर दिवाळीला लांबी (पुट्टी) भरून आम्हीच तो झाकत होतो.

जुनं बांधकाम बसायचं तेवढं बसून स्थिर झालेलं, नवं बसायला लागलेलं, आणि दोन्ही एकमेकांना घट्ट बांधलेले. शेवटी ती खोली उतरवावी लागली. माझं म्हणणं इतकंच, की भिंत चुकली तर पुन्हा बांधता येते.

अण्णा कोपरीकर
तुम्ही लोक घाबरवता फार. आमचे वाडवडील कुठे पायाची एवढी चिंता करत बसले होते? आमचं कोपरीतलं घर साठ वर्षं उभं होतं, पाया गुडघाभर दगडाचा.

सिव्हिलवाली
अण्णा, घर टिकलं कारण ते हलकं होतं: एक मजला, लाकडी सांगाडा, वर कौलं. आणि ते बसलं नाही असं नाही, बसतच होतं. आमच्या आजोळी दर काही वर्षांनी उंबरठा उचलून खाली चिपा घालायचे आणि जमीन नव्याने चोपायचे. लाकूड-मातीचं घर थोडं वाकून सांभाळून घेतं. आरसीसीच्या सांगाड्यात चोपलेली वीट बसवली की तिला वाकणं माहीत नसतं, ती तडकते. (पेशाने स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. इथे लिहिते ते डिझाइन नाही, गप्पा समजा.)

घणसोलीकर, तुम्ही सांगता तो काळा गाळ म्हणजे खाडीचा सागरी चिकणमातीचा थर. ठाण्याच्या खाडीच्या दोन्ही काठांवर तो सापडतो. कुठे दोन मीटर, कुठे दहाच्या वर. त्याखाली मुरूम आणि मग आपला काळा पाषाण. हा गाळ पाण्याने भरलेला असतो. वजन आलं की पाणी हळूहळू पिळून निघतं आणि माती दबते. हळूहळू म्हणजे महिने नाहीत, वर्षं. म्हणून घर बांधल्यावर लगेच काही होत नाही आणि कॉन्ट्रॅक्टरचा शेवटचा हप्ता देऊन झाल्यावर दार अडकायला लागतं.

"मोठा दगड दाबू" याबद्दल: दगड गाळात जातो, पण सगळीकडे सारखा जात नाही. एका कोपऱ्यात चार ट्रक जिरतील, दुसऱ्यात दोन. सगळं घर एकसारखं दोन इंच खाली गेलं तर तुम्हाला कळणारही नाही. एक कोपरा अर्धा इंच जास्त गेला की कळतं.

आधी दोन बोअर मारून घ्या, खडक लागेपर्यंत. परसातला पाच फुटी खड्डा म्हणजे माती परीक्षण नव्हे. एसपीटी म्हणतात त्या चाचणीत ६३.५ किलोचं वजन ७५ सेंमीवरून टाकत राहतात आणि नळी ३० सेंमी आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. मुरमात ठोके मारून माणसं दमतात. तुमच्या गाळात दोन-तीन ठोक्यांतच नळी आत जाईल, कधी कधी नुसत्या वजनानेच.

उगाच
म्हणजे आमच्या ऑफिसातल्या इन्क्रिमेंटसारखं. नुसत्या अपेक्षेच्या वजनानेच खाली.

मास्तर ऐरोली
मेव्हण्याच्या राफ्टबद्दल कुणी बोललं नाही. राफ्ट म्हणजे तराफाच. सगळ्या घराखाली एक सलग स्लॅब, वजन सगळीकडे पसरतं, आणि घर गाळावर तराफ्यासारखं बसतं. चुकीचा पर्याय नाही. पण घणसोलीकरांच्या जागेत पूर्वेला चुलतभावाचं घर आहे, तिथला गाळ त्या वजनाने आधीच दबलेला. पश्चिमेला ताजा भराव, तो अजून बसतोय. तराफा एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला मऊ जमिनीवर ठेवला तर काय होईल?

पिसाचा मनोरा आठवा. ११७३ साली सुरू झाला, तीन मजले होईस्तोवर कलायला लागला कारण एका बाजूची माती मऊ. मध्ये लढायांमुळे जवळजवळ शंभर वर्षं काम थांबलं, तेवढ्यात माती दबून जरा घट्ट झाली. एका दमात बांधला असता तर आडवाच झाला असता म्हणतात.

वीटवाला पाहुणा
आमच्याकडेही कामं मध्येच वर्षानुवर्षं थांबतात. आता कळलं, माती दबावी म्हणून.

चिरेबंदी
कुणी जांभ्याचं नाव घेईना म्हणून लिहितोय. आमच्या राजापूरच्या घरात सगळ्या भिंती चिऱ्याच्या. खाणीतून काढला तेव्हा कुऱ्हाडीने तासता येतो, उन्हापावसात घट्ट होत जातो. बाहेरून प्लास्टरसुद्धा नाही. १८०७ साली बुकानन नावाच्या गोऱ्या साहेबाने केरळात हा दगड पाहून त्याला लॅटराइट नाव दिलं, लॅटिनमधल्या 'वीट' या शब्दावरून. म्हणजे जांभा हीच मूळची लाल वीट! बाबांना सांगा.

सिव्हिलवाली
चिरेबंदी, जांभा सुंदर, पण तो राजापूरच्या कातळावर. इथे गाळावर इतकं जड काम आणायचं, तेही ट्रकभाडं भरून, आणि मग ते वजन पेलायला पाया वाढवायचा?

कोपरीची सून
@अण्णा, शेजारीच राहते म्हणून सांगते, तुमच्या त्या साठ वर्षांच्या घराच्या भिंतीचे खालचे तीन फूट कायम पापुद्रे सोडायचे. खडू लावल्यासारखा पांढरा लोणा. माझ्या सासूबाई तिथे पाठ टेकून बसल्या की साडी पांढरी.

अण्णा कोपरीकर
ते खरं आहे. पण ती खाडीची रेती होती.

मास्तर ऐरोली
आता अण्णांनीच विषय काढला म्हणून. मुंब्रा-रेतीबंदरची रेती एके काळी निम्म्या ठाण्याने वापरली. खाऱ्या पाण्यातली रेती नीट न धुता घातली की मीठ भिंतीत राहतं. भिंतीला लोणा लागतो, ते डोळ्यांना तरी दिसतं. काँक्रीटमध्ये तेच मीठ सळईला गंज आणतं. गंजलेली सळई फुगते, स्लॅबचे पोपडे पडतात. आता बहुतेक ठिकाणी क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) असते, तरी पाण्याकडे लक्ष ठेवा. परसात पाच फुटांवर फुकट पाणी लागलंय म्हटल्यावर कॉन्ट्रॅक्टर तिथेच पंप टाकणार. टाकू देऊ नका. आरसीसीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, खाडीचं पाणी त्याच्या कित्येक पट खारं. काँक्रीट कालवायला आणि मारायला, दोन्हीला नळाचं नाहीतर टँकरचं गोडं पाणी.

प्रकल्पग्रस्त
आमच्या गावठाणांत परवानगीचीच बोंब आहे, ते बघितलंत का आधी? "गरजेपोटी बांधलेली घरं" या नावाखाली आमची उभी हयात गेली.

घणसोलीकर
दादा, त्यावर वेगळा धागा लागेल आणि तो हजार प्रतिसादांवर जाईल. कागदांचं काम वकिलांकडे दिलंय.

सगळ्यांचे आभार. बोअरवाल्याशी बोललो. तो म्हणाला गल्ली किती रुंद? मी म्हटलं साडेसहा फूट. तो म्हणाला, मग सामान खांद्यावर आणू. बाबा विचारतायत, "एवढं सगळं झालं, पण भिंत कशाची ते कुणी सांगेना."

पारसिकचा वारा
सिपोरेक्स!

नेरूळची मीरा
गल्ली साडेसहा फूट असेल तर हेही धरा: विटा घमेल्यातून डोक्यावर येणार. सहा इंची ब्लॉक बारा किलोच्या आसपास, एकट्या माणसाने सहज उचलावा असा, आणि एकच ब्लॉक बऱ्याच विटांचं काम करतो. आमच्याकडे विटा गल्लीच्या तोंडाशी उतरवल्या आणि रात्रीतून शंभर-दीडशे कमी झाल्या. गावातल्या प्रत्येक तुळशीवृंदावनाकडे मी महिनाभर संशयाने बघत होते.

सिव्हिलवाली
बाबांना हिशोब सांगा. दहा फूट लांब, दहा फूट उंच भिंत घ्या. नऊ इंची विटेची असेल तर प्लास्टर सोडून वजन चार टन. तीच सहा इंची एएसी ब्लॉकची (सिपोरेक्स हे नाव, पण वस्तू तीच) टनभर. आता घरात अशा भिंती किती ते मोजा. हे सगळं वजन शेवटी त्या लोण्यासारख्या गाळाकडे जाणार. मऊ जमिनीवर भिंतीचा प्रश्न पायाच्या प्रश्नापासून सुटा काढता येत नाही. पनवेलच्या पलीकडे मुरमावर प्लॉट असता तर मी म्हटलं असतं, बाबा म्हणतील ते.

आता पारसिकच्या वाऱ्यासाठी. ब्लॉकच्या तक्रारी खऱ्या आहेत आणि बहुतेक आपल्या गवंड्यांच्या सवयींतून येतात. वीट भिजवून लावायची हे त्यांच्या हातात बसलंय, म्हणून ते ब्लॉकही भिजवतात. ब्लॉक चिंब झाला की वाळताना आकसतो आणि सांध्यातून जिन्यासारखा तडा जातो. ब्लॉक झाकून ठेवायचे, लावताना नुसतं पृष्ठभागावर पाणी शिंपडायचं. जाड सिमेंट-वाळूऐवजी पोत्यातला चिकट मसाला, सांधा तीन-चार मिलिमीटर. दर तीनेक फुटांवर काँक्रीटचा पट्टा. कॉलम-बीमला भिंत मिळते तिथे प्लास्टरआधी जाळी. आणि बीमच्या तळाशी ब्लॉक ठोकून गच्च भरायचा नाही, फट ठेवून शेवटी भरायची. पश्चिमेची भिंत पावसाच्या माऱ्यात, तिथे आठ इंची ब्लॉक आणि बाहेरून दोन हात प्लास्टर.

प्लिंथखाली (जोत्याखाली) मात्र एएसी नको. तिथे भरीव काँक्रीट ब्लॉक.

वीटवाला पाहुणा
फ्लाय अ‍ॅश विटेचं काय? सगळे विसरले तिला. मधल्या बहिणीसारखी.

सिव्हिलवाली
चांगली वीट. आकाराला नेमकी, धार सरळ, त्यामुळे मसाला कमी जातो. पण वजनाला लाल विटेच्या जवळपास, म्हणून या जागेवर तिचा फायदा नाही.

मास्तर ऐरोली
अवांतर: कधी बेलापूरला सेक्टर ८ मधलं आर्टिस्ट्स व्हिलेज बघून या. चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात केलेलं. छोट्या छोट्या चौकांभोवती घरं, आणि घराची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला जोडायची नाही हा विचार, म्हणजे ज्याला जमेल तसं त्याने पुढे आपलं घर वाढवावं. घणसोलीकरांच्या चुलतभावाच्या भिंतीवरून आठवलं.

उगाच
मास्तर, चुलतभावाची भिंत वेगळी झाली तर भांडायचं कशावरून?

घणसोलीकर
दीड महिन्याने येतोय. रिपोर्ट आला.

वर ०.९ मीटर भराव, त्याखाली ५.२ मीटरपर्यंत तोच काळा गाळ, ठोके दोन ते तीन. मग मुरूम आणि झिजलेला खडक, साडेसात मीटरला पक्का काळा पाषाण. बोअरवाला पोरगा नळीतून गाळ काढून पेटीत लावत होता, त्यात शिंपले निघाले. अख्खे, पांढरे. आईने दोन उचलून तुळशीत ठेवले.

इंजिनिअरने पायलिंग सांगितलं. ४५० मिमीचे पाइल, खडकात रुतवायचे. नऊ कॉलम, सगळे बीमने दोन्ही दिशांना बांधलेले. नऊ इंची विटेत बारा पाइल येत होते, ब्लॉक धरले तर दहा. हा आकडा ऐकून बाबा पहिल्यांदा गप्प बसले. चुलतभावाच्या बाजूला पाइल भिंतीला चिकटून घेता येत नाही म्हणून तिकडचे कॉलम अडीच फूट आत, आणि भिंत पुढे आलेल्या बीमवर. मोठं मशीन गल्लीत येत नाही, तर तिपाई, विंच आणि बेलर (गाळ उपसणारी नळी) वापरून होईल म्हणाले, वेळ जास्त लागेल. भटजींचा वेगळाच प्रश्न: पायाभरणीचा एक खड्डा ईशान्येला हवा, तुमचे तर दहा.

अण्णा कोपरीकर
मी माझे शब्द मागे घेतो. शिंपले निघाले म्हणजे विषय संपला. ईशान्येच्या पाइलला नारळ फोडा, बाकी नऊंना नुसता नमस्कार.

सिव्हिलवाली
छान झालं. काही गोष्टी लिहून ठेवा. गाळातून जाताना भोक आत ढासळतं, त्यामुळे गाळ संपेपर्यंत लोखंडी लायनर (भोकात सोडायचं नळकांडं) हवाच. "बेंटोनाइटने (भोक ढासळू नये म्हणून भरतात त्या मातीच्या काल्याने) भागवू" म्हणाले तरी या जागेत ऐकू नका. काँक्रीट वरून ओतायचं नाही, ट्रेमी पाइप तळापर्यंत सोडून खालून वर भरत आणायचं, नाहीतर मध्ये चिखल अडकतो आणि पाइलला कंबर पडते. खारी जमीन म्हणून काँक्रीट किमान एम-३० (ताकदीची प्रत), सिमेंट स्लॅगचं किंवा फ्लाय अ‍ॅशचं. भराव अजून बसतोय, तो बसताना पाइलला आपल्याबरोबर खाली ओढतो. ते हिशोबात धरलंय का, हे इंजिनिअरला विचारा. प्लिंथ रस्त्याच्या वर किती हेही आजच ठरवा. नवी मुंबईत भरती आणि पाऊस एकत्र आले की पाणी खाडीत न जाता उलट येतं, म्हणून तर सिडकोने धारण तलाव केले. आणि रस्ता दर काही वर्षांनी उंच होतो, घर होत नाही.

शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. खडक फोडताना छिन्नीचे हादरे बसतील. काम सुरू करायच्या आधी चुलतभावाच्या घरातल्या सगळ्या भिंतींचे फोटो काढा, त्याच्यासमोर, आणि दोघांनी सह्या करा. नाहीतर त्याच्या घरातला प्रत्येक तडा तुमच्या पाइलच्या नावावर जाईल.

नेरूळची मीरा
याला +१००. आणि बाबांना एक तरी विटेची भिंत द्या हो.

घणसोलीकर
दिली. पुढच्या ओटीवर, तीन फूट उंच, बसायला कट्टा आणि पाठीला लाल वीट. भिवंडीकडच्या भट्टीवर बाबा स्वतः जाऊन आले. दोन विटा एकमेकींवर वाजवून, एक कमरेएवढ्या उंचीवरून टाकून पाहिली. फुटली नाही. मग भाव केला.

फोटोंचं काल झालं. वाटलं होतं चुलतभाऊ कुरकुरणार, "माझ्या घराचे फोटो कशाला?" म्हणणार. काही बोलला नाही. हॉल झाला, स्वयंपाकघर झालं. आतल्या खोलीत गेलो तर त्याने स्वतःच भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. मागे वीतभर लांब तडा. म्हणाला, "हा पण काढ. हा तुझ्या लग्नाच्या आधीचा आहे."

उगाच
कॅलेंडरही फोटोत घेतलं ना? तारीख दिसायला हवी.

घणसोलीकर
घेतलं. २०१४ सालचं निघालं.